घरून वाचून येऊ नका: कामाच्या जागी वाचनमंडळ

ऑफिसात किंवा कारखान्यात वाचनमंडळ सुरू करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिली सूचना एकच निघते: ‘पुढच्या मंगळवारपर्यंत पहिली तीन प्रकरणं वाचून या.’ मंडळ मोडायला इथूनच सुरुवात होते. पहिल्या मंगळवारी बहुतेकांनी वाचलेलं असतं. दुसऱ्या वेळी कुणाच्या घरी पाहुणे आलेले असतात, कुणाची पाळी बदललेली असते, कुणाच्या मुलाची परीक्षा असते. तिसऱ्या वेळी ज्यांचं वाचून झालेलं नाही ते येतच नाहीत, कारण चारचौघांत ‘वाचलं नाही’ म्हणायला संकोच वाटतो. मग उरतात ते मुळातच वाचणारे चारपाचजण. त्यांना मंडळाची गरज सगळ्यांत कमी असते.

म्हणून माझं ठाम मत आहे की वाचन बैठकीतच करावं, सगळ्यांनी एकत्र बसून, कंपनीच्या वेळेत. घरून काहीही वाचून यायचं नाही. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीवर उभं आहे.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. श्रावणात गावोगाव देवळात पोथी लागते. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कुणी शंका विचारतो. घरून तयारी करून कुणी येत नाही, तरी महिनाभर रोज रात्री माणसं जमतात. कामाच्या जागीही हे जुनंच आहे. क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगार पानं वळत असताना एक वाचक उंच जागी बसून मोठ्यानं वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा, आणि त्याचा पगार कामगार आपसांत वर्गणी काढून देत. ॲमेझॉनमध्येही २००४ पासून अनेक मोठ्या बैठकांची सुरुवात अशीच होत आली आहे: सहा पानी टिपण सगळ्यांसमोर ठेवायचं, आधी सगळ्यांनी शांतपणे वाचायचं, मग बोलायचं.

एमआयडीसीतल्या वाचकाला सगळ्यांत जवळचं उदाहरण क्वालिटी सर्कलचं, म्हणजे कामाची गुणवत्ता सुधारायला एकत्र बसणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटाचं. आज आपण सर्कल म्हटलं की फिशबोन डायग्राम, प्रेझेंटेशन आणि स्पर्धेची ढाल डोळ्यांसमोर आणतो. जपानमध्ये त्याची सुरुवात वाचनगट म्हणून झाली. १९६२ च्या एप्रिलमध्ये तिथं ‘गेम्बा तो क्यूसी’ (कामाची जागा आणि गुणवत्ता नियंत्रण) नावाचं फोरमनसाठीचं नियतकालिक निघालं. गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माहीत होतं की शॉपफ्लोअरवरच्या माणसाला एकट्यानं अभ्यास करायची सवय नसते. म्हणून त्यांनी सांगितलं की फोरमननं आपल्या माणसांचा छोटा गट करावा, अंक पाळीपाळीनं एकत्र वाचावा आणि वाचलेलं आपल्या मशीनवर करून पाहावं. त्याच वर्षी अशा गटांची नोंदणी सुरू झाली. भारतात ही पद्धत १९८० मध्ये हैदराबादच्या भेलमध्ये (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) आली, तोपर्यंत तिच्यातलं वाचन मागे पडलं होतं. ते परत आणणं हे कामाच्या जागच्या वाचनमंडळाचं खरं काम आहे, असं मला वाटतं.

आधी पानांचा हिशेब

नेहमीच्या डेमी आकाराच्या मराठी पुस्तकात एका पानावर साधारण २५० ते ३०० शब्द असतात. रोज वाचायची सवय नसलेल्या माणसाला एक पान समजून वाचायला दोन ते अडीच मिनिटं लागतात. मोठ्यानं वाचलं तरी जवळपास तेवढीच. म्हणजे वाचनाला २० मिनिटं ठेवली तर एका बैठकीत आठ पानं होतात. मराठी माध्यमात शिकलेल्यांचा गट इंग्रजी पुस्तक वाचत असेल तर पाचच पानं धरा.

हा आकडा अंदाजानं ठरवू नका. फेरी सुरू व्हायच्या आधी गटातल्या तिघांना तेच एक पान वाचायला द्या आणि मोबाइलवर वेळ लावा. सगळ्यांत सावकाश वाचणाऱ्याची वेळ धरून पानं ठरवा. ज्यांचं लवकर संपतं त्यांना पेन्सिल द्या. ते तेच पान पुन्हा वाचून खुणा करतील. सरासरी धरली तर सावकाश वाचणारा दर वेळी दीड पान मागे राहतो, चर्चेत गप्प बसतो आणि चौथ्या आठवड्याला त्याला अचानक काम निघतं.

आठवड्याला एक बैठक आणि आठ आठवड्यांची एक फेरी हे प्रमाण टिकतं. शेवटच्या बैठकीत वाचन नसतं, म्हणून आठ पानं गुणिले सात म्हणजे ५६ पानं. दोनशे पानांचं पुस्तक यात संपणार नाही आणि ते संपवायचा हट्ट सोडलेला बरा. त्यातली तीनचार प्रकरणं निवडा. ज्याला पुढचं वाचावंसं वाटेल तो प्रत घरी नेईल, आणि नेतातच. पंधरा दिवसांतून एकदा भेटायचं ठरवलं तर एक बैठक हुकली की महिना जातो आणि मागचं कुणालाच आठवत नाही.

गट आठ ते दहा जणांचा असावा. सहाच्या खाली गेला तर दोघं रजेवर असताना बैठक होत नाही. बाराच्या वर गेला तर पंधरा मिनिटांच्या चर्चेत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येतं. वीस जणांनी नावं दिली तर दोन गट करा, दोन वेगळे दिवस. कारखान्यात एका लाईनवरून दोघांपेक्षा जास्त माणसं घेऊ नका. तीन ऑपरेटर एकदम उठले की सुपरवायझरला लाईन चालवता येत नाही. तो दोन आठवडे गप्प बसेल आणि तिसऱ्या आठवड्याला माणसं सोडणार नाही. त्याचं चुकत नाही. त्याला आधीच भेटा, कुणाच्या जागी कोण उभा राहील हे त्याच्याकडूनच ठरवून घ्या आणि जमलं तर त्यालाही गटात घ्या.

वेळ पाळीच्या आत हवी. पाळी सुटल्यावर थांबवलेली सक्तीची बैठक म्हणजे कामाचेच तास, आणि बसची वेळ झालेल्या माणसाचं लक्ष पुस्तकात नसतं. जेवणानंतर लगेच ठेवली तर शांत वाचनात डुलक्या येतात. ऑफिसात सकाळी साडेअकरा किंवा दुपारी चार बरी. सात ते साडेतीनच्या पहिल्या पाळीला अडीच ते तीन वीस जमतं. दुसऱ्या पाळीची माणसं यायच्या आत बैठक संपते आणि काम पुढच्या पाळीच्या हवाली करायला दहा मिनिटं उरतात. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तिथं बुधवार टाळा, कारण सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळी डिस्पॅचच्या मागे असतात. मंगळवार चालतो.

वर्षाचं कॅलेंडरही पाहा. मार्चएंडला फेरी नको. एप्रिल-मेमध्ये लग्नं, गावच्या जत्रा आणि मुलांच्या सुट्ट्या असतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केलेली फेरी गणपतीच्या आधी नीट संपते. दुसरी दिवाळीनंतर सुरू करून संक्रांतीच्या आसपास संपवावी. वर्षाला दोन फेऱ्या पुरेत. तिसरी जानेवारीअखेर घुसवायचा मोह होतो, पण ती फेब्रुवारीच्या शेवटी टार्गेटच्या धावपळीत बंद पडते, आणि मध्येच बंद पडलेली फेरी पुन्हा सुरू करणं नवीन सुरू करण्यापेक्षा अवघड जातं.

पैसे आणि प्रती

प्रत्येकाच्या हातात स्वतःची प्रत असायला हवी. दोघांत एक दिली तर एकाचा वेग दुसऱ्यावर लादला जातो. दहा प्रती, सरासरी तीनशे रुपये किंमत धरली तर तीन हजार. एकदम दहा प्रती घेणार असाल तर थेट प्रकाशकाला फोन करून सवलत विचारा; बहुधा मिळते. पेन्सिली, चिठ्ठ्यांचे कागद, एक जाड रजिस्टर आणि खाली ज्याचा उल्लेख येईल ते चष्मे धरून एका फेरीचा खर्च चार हजारांत बसतो.

बिल कंपनीच्या नावानं घ्या. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे बिलावर कराची ओळ नसते आणि अकाउंट्समधून ‘हे बिल असं कसं’ म्हणून ते परत येऊ शकतं. एचएसएन (जीएसटीतला मालाचा वर्गीकरण क्रमांक) ४९०१, कर शून्य, असं मागणीपत्रावर आधीच लिहून ठेवलं की फेरा वाचतो. खर्च ट्रेनिंगच्या खात्यात टाकायचा की वेल्फेअरच्या, हेही आधी विचारून घ्या. कुणी एकानं स्वतःच्या कार्डानं ऑनलाइन दहा प्रती मागवल्या तर त्याचे पैसे सुटायला दोन महिने लागतात आणि पुढच्या फेरीला तो पुढे येत नाही.

पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्सही काढायची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या अभ्यासापुरती मोकळीक आहे, पण कंपनीनं दहा जणांना वाटलेली आख्खी प्रत त्यात बसत नाही. शिवाय मोबाइलवर पुस्तक उघडलं की वरून मेसेज येत राहतात आणि वीस मिनिटांतली पाच त्यातच जातात. आधी चाळून पाहायला एकच प्रत हवी असेल तर तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. वर्गणी थोडी असते आणि ग्रंथपालाला विषय सांगितला तर चार पुस्तकं काढून देतो.

पुस्तक कुठलं

निवड साहेबांनी करू नये, एचआरनंही करू नये. वरून आलेलं पुस्तक लोक सूचना म्हणून वाचतात. ‘विचार बदला, आयुष्य बदलेल’ छापाचं पुस्तक कामगारांच्या हातात दिलं तर त्याचा अर्थ ‘चूक तुमच्यात आहे’ असाच लागतो, आणि तो अर्थ लावणाऱ्याचं चुकत नाही.

समन्वयकानं तीन पुस्तकं आणावीत. प्रत्येकाचं साठावं पान उघडून गटापुढे मोठ्यानं वाचावं. पहिलं पान लेखकानं मेहनत घेऊन लिहिलेलं असतं. साठाव्या पानावर पुस्तकाची रोजची भाषा कळते. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही त्या पानाचा मजकूर एका वाक्यात सांगता आला नाही तर ते पुस्तक बाजूला. मग प्रत्येकाला दोन मतं द्या. एकच मत दिलं तर गट पाच-पाच असा फुटतो आणि हरलेले पाच पहिल्या दिवसापासून नाराज बसतात.

पहिल्या फेरीला कामाची पद्धत, अपघात, चुका किंवा वस्तू कशा बनतात याबद्दलचं पुस्तक घ्यावं, ज्यात प्रसंग आहेत आणि ते प्रसंग आपल्या कामाशी ताडून पाहता येतात. गोल्डरॅट यांचं १९८४ चं ‘द गोल’ कादंबरीच्या रूपात कारखाना दाखवतं. एका मंद मशीनमुळे सगळी साखळी कशी अडते हे त्यात इतकं सरळ येतं की इंजिनिअर नसलेल्यालाही कळतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून कामाशी अजिबात संबंध नसलेलं पुस्तक जरूर घ्या, कथासंग्रहसुद्धा. तोवर गटाला एकमेकांसमोर बोलायची सवय झालेली असते.

पुण्यातल्या ऑफिसात भाषेचा प्रश्न येतोच. गटात तमिळ, बंगाली, हिंदी बोलणारे सहकारी असले तर जे पुस्तक मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हीत मिळतं ते निवडा आणि ज्याला जी भाषा बरी ती प्रत द्या. पान नंबर जुळणार नाहीत, म्हणून ‘प्रकरण दुसरं, तिसऱ्या उपशीर्षकापर्यंत’ असं सांगा. चर्चा मिसळलेल्या भाषेत होईल. होऊ द्या.

पन्नास मिनिटं कशी जातात

एक बैठक जवळून पाहू. पुस्तक धरू अतुल गवांदे यांचं २००९ चं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’. गवांदे बोस्टनचे सर्जन, वडिलांकडून मूळ आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. दुसऱ्या प्रकरणात दोन प्रसंग आहेत. पहिला ३० ऑक्टोबर १९३५ चा: बोइंगचं नवं बॉम्बर विमान चाचणीत उडालं, वर चढलं आणि कोसळलं. यंत्रात बिघाड नव्हता. वैमानिक अतिशय अनुभवी होता; उड्डाणाआधी शेपटीवरच्या दिशा बदलणाऱ्या पट्ट्यांचं कुलूप काढायचं तेवढं राहिलं होतं. दुसरा प्रसंग २००१ मधला, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलातला. रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालताना करायच्या पाच पायऱ्या कागदावर लिहिल्या: हात धुणं, त्वचा स्वच्छ करणं, रुग्णावर निर्जंतुक कापड पसरणं, मास्क-टोपी-गाऊन-हातमोजे घालणं, शेवटी निर्जंतुक पट्टी लावणं. डॉक्टर काय करतात ते नर्सना महिनाभर नुसतं पाहायला सांगितलं. एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत एखादी तरी पायरी गाळली जात होती. मग व्यवस्थापनानं नर्सना अधिकार दिला की पायरी गाळली तर डॉक्टरला थांबवायचं. पुढच्या वर्षभरात दहा दिवसांच्या नळीमुळे होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आलं.

बैठकीची पहिली सात मिनिटं मागच्या आठवड्याची: जे करून पाहायचं ठरलं होतं ते झालं का, काय अडलं. मग फोन ट्रेमध्ये आणि वीस मिनिटं वाचन. पहिलं अर्धं पान कुणीतरी मोठ्यानं वाचावं म्हणजे सगळे एकदम मजकुरात शिरतात. पुढचं ज्याचं त्यानं मनात. गटात वाचायला अडखळणारे किंवा शाळा लवकर सुटलेले सहकारी असतील तर पूर्ण वीस मिनिटं मोठ्यानं, आळीपाळीनं. ज्याला वाचायचं नाही त्यानं ‘पुढे’ एवढंच म्हणावं, त्यावर कुणी काही बोलू नये.

त्यानंतर तीन मिनिटं प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकून हलवायच्या आणि प्रत्येकानं हाताला येईल ती, म्हणजे दुसऱ्याची, वाचून दाखवायची. हा भाग गाळू नका. सरळ चर्चा सुरू केली तर पहिला बोलतो तो सगळ्यांत ज्येष्ठ, आणि नंतरचे आठजण त्याच्या मताला दुजोरा देतात. चिठ्ठी बदलली की ट्रेनी मुलीचं म्हणणं मॅनेजरच्या तोंडून वाचलं जातं आणि ते कुणाचं हे न कळता त्यावर बोलणं होतं. दुसऱ्याच्या हातात आपलं अक्षर जाणार म्हणून माणूस नेमकं लिहितो, हाही फायदा.

मग पंधरा मिनिटं चर्चा. प्रश्न आधी तयार हवा आणि तो एकच हवा. ‘या प्रकरणातून आपण काय शिकलो?’ असं विचारलं की भाषणं होतात. वरच्या प्रकरणाला चांगला प्रश्न असा: आपल्या कामातली कुठली पायरी सगळ्यांना माहीत आहे आणि तरी गाळली जाते? यावर लोक लगेच बोलतात. मशीनवर पाळी बदलताना टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची मशीनमधली दुरुस्ती) बदललेला असतो आणि पुढच्या ऑपरेटरला कुणी सांगत नाही. डिझाइनमध्ये ड्रॉइंगचं रिव्हिजन वाढतं, व्हेंडरकडे जुनंच असतं आणि माल जुन्या मापाचा येतो. स्टोअरमध्ये घाईत माल आधी देतात, स्लिप नंतर. बोलणं रंगात आलं की दुसरा प्रश्न टाकायचा: ती पायरी गाळली जाताना ज्याला दिसतं, त्याला थांबवायचा अधिकार आहे का? इथं खोलीत शांतता होते. ती मोडायची घाई करू नका, दहा सेकंद जाऊ द्या. हॉस्पिटलातला कागद आपल्याकडेही आहे, प्रत्येक मशीनवर लॅमिनेट करून लावलेला आहे. नर्सला मिळालेला अधिकार आपल्याकडे ऑपरेटरला मिळालेला नाही, हे कुणीतरी म्हणतंच, आणि त्या दिवसाचं शिक्षण तिथं झालेलं असतं.

शेवटची पाच मिनिटं ठरवण्याची. एक गोष्ट, एक आठवडा, एकाची जबाबदारी. उदाहरणार्थ: दोन नंबरच्या मशीनवर पाळी बदलल्यावर पहिला पीस चेक झाल्याशिवाय मशीन ऑटोवर टाकायचं नाही, आणि चेक केल्याची सही पाटीवर करायची. खोलीत बसलेल्या माणसांना उद्या सकाळी स्वतः करता येईल एवढीच गोष्ट ठरवा. ‘मॅनेजमेंटनं सॉफ्टवेअर घ्यावं’ हा ठराव पुढच्या आठवड्यात कुणालाही तपासता येत नाही.

रजिस्टरमध्ये दर बैठकीला एक ओळ: तारीख, कुठून कुठपर्यंत वाचलं, काय करून पाहायचं, कोण पाहणार, आणि पुढच्या आठवड्यात भरायचा शेवटचा रकाना, काय झालं. ‘जमलं नाही, कारण रिलीव्हर (जागेवर येणारा पुढचा माणूस) उशिरा आला’ ही नोंदही तितकीच कामाची. तक्रारींसाठी मागची दोन पानं राखून ठेवा. चर्चा कॅन्टीनच्या जेवणाकडे किंवा बसच्या वेळेकडे वळली की समन्वयकानं ती तक्रार तिथं लिहावी, त्याच आठवड्यात संबंधित माणसापर्यंत पोचवावी आणि उत्तर गटाला सांगावं. उत्तर ‘नाही’ असलं तरी सांगावं. नुसतं ‘विषयाला धरून बोला’ म्हटलं तर लोक पुढच्या वेळी विषयावरही बोलत नाहीत.

कुठे बिनसतं

साहेब गटात असावेत की नाही यावर मतं वेगळी आहेत. माझ्या मते असावेत, पण त्यांनी पाळायच्या अटी त्यांना आधी एकट्यात सांगाव्यात: सगळ्यांसारखं वाचायचं, चिठ्ठी लिहायची, चर्चेत शेवटी बोलायचं आणि बैठकीत ऐकलेल्या चुकीबद्दल कुणाला नंतर केबिनमध्ये बोलवायचं नाही. शेवटची अट एकदा मोडली की मंडळ संपलं. पुढचे सहा महिने कुणी खरं बोलणार नाही. त्यांना हे पाळणं जमणार नसेल तर त्यांनी फक्त पहिल्या आणि शेवटच्या बैठकीला यावं. ‘सर’, ‘मॅडम’, ‘काका’, ‘ताई’ ही रोजची हाक तशीच राहू द्या. समानता दाखवायला एकदम नावानं हाक मारायला लावली की ज्येष्ठ ऑपरेटर बोलायचंच टाळतात.

बसायला गोल करा. लांब टेबलाच्या टोकाची खुर्ची काढून टाका, नाहीतर तिथं जो बसेल तो अध्यक्ष होतो.

‘एकानं वाचून पीपीटी करावी, बाकीच्यांनी ऐकावं’ ही सूचना दर फेरीत एकदा तरी येते, कारण त्यात सगळ्यांचा वेळ वाचतो असं दिसतं. तसं केलं की एकजण शिकतो आणि नऊजण ऐकून विसरतात. हजेरीपट, प्रमाणपत्र, फेरीअखेर परीक्षा, अप्रेझलमध्ये गुण, हेही नको. हजेरी लागली की माणसं येतात, पण पुस्तकासाठी येत नाहीत. एचआरला आकडा हवाच असेल तर रजिस्टर दाखवा: सात गोष्टी करून पाहिल्या, त्यातल्या किती अजून चालू आहेत. सातातल्या दोन टिकल्या तरी ती चांगली फेरी झाली.

एक बोलका माणूस प्रत्येक गटात असतो आणि त्याला गप्प करणं अपमानाचं होतं. त्याला वेळ पाहायचं काम द्या. घड्याळ हातात असलं की तो दुसऱ्यांना थांबवतो आणि स्वतःही थांबतो. समन्वयक दर फेरीला बदला. दोन फेऱ्यांनंतर तोच राहिला तर मंडळ त्याचं होतं आणि त्याची बदली झाली की बंद पडतं.

व्हॉट्सॲप ग्रुप केलाच तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवा. नाहीतर आठवड्याभरात सुप्रभात संदेश सुरू होतात, लोक ग्रुप म्यूट करतात आणि खोली बदलल्याचा मेसेज कुणी पाहत नाही. घरून काम करणारे सहकारी असतील तर त्यांचा वेगळा गट करा, सगळे स्क्रीनवर. अर्धे खोलीत आणि अर्धे स्क्रीनवर असले की चिठ्ठ्यांचा भाग चालत नाही आणि स्क्रीनवरचे विसरले जातात.

आता चष्मे. चाळिशी ओलांडलेले कितीतरी जण जवळचं वाचायला त्रास होतो हे कामाच्या जागी सांगत नाहीत. ते पुस्तक लांब धरतात, दोन ओळी वाचतात आणि ‘मला वाचनाची आवड नाही’ म्हणून बाजूला होतात. औषधाच्या दुकानात किंवा चष्म्याच्या दुकानात तयार मिळणारे +१.५ आणि +२ नंबरचे दोन-दोन चष्मे आणून पेन्सिलींबरोबर डब्यात ठेवा. डबा टेबलाच्या मध्ये उघडा ठेवायचा आणि काही बोलायचं नाही. कुणीतरी एक उचलतो, मग दुसरा. दिव्याखालची जागाही पाहा. कॉन्फरन्स रूममधले दिवे प्रोजेक्टरसाठी मंद केलेले असतात, आणि कॅन्टीनमध्ये एक्झॉस्टच्या आवाजात मोठ्यानं वाचलेलं पोचत नाही.

आठव्या आठवड्याला वाचन नसतं. रजिस्टर पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचं, प्रत्येक ओळीपुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहायचं आणि बंद झालेल्यांतली एखादी पुन्हा घ्यायची का ते ठरवायचं. म्हणजे वाचनाच्या बैठका सात आणि पानं ५६; पुस्तकातला भाग निवडताना हाच आकडा धरा. प्रती परत मागू नका. ज्याला हवी त्यानं ठेवावी, बाकीच्या कॅन्टीनच्या कपाटात, कुलूप न लावता. दोनतीन प्रती गायब होतील आणि त्या कुणाच्या तरी घरी, मुलांच्या दप्तराशेजारी, टीव्हीच्या टेबलावर दिसतील; त्या शोधायला जाऊ नका. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, त्यावर पुढच्या फेरीची तारीख आणि नाव लिहायला दहा रिकाम्या ओळी. पहिली ओळ जुन्या गटातल्या कुणी भरू नये, नवीन माणसासाठी ठेवावी.